मोडीच्या दारात उभा राहिलेला माणूस

आमच्या घरात बिस्किटांचा एक जुना चौकोनी पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे नाहीत, चाकू आहेत. परवाच पुन्हा मोजले, सदतीस भरले. स्वयंपाकघरातले नव्हेत, खिशातले. मिटणारे, आणि बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या सैन्यातले. पाहुण्यांसमोर हा डबा काढायचा नाही असा घरात अलिखित नियम आहे. एकदा मी तो हौसेने मुलीच्या सासऱ्यांना दाखवला होता. ते गृहस्थ नंतर संध्याकाळभर दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले.

आज लिहायचे आहे ते या डब्याबद्दल नव्हे. लिहायचे आहे ते पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांबद्दल, ज्यांचे राजा केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत धावतपळत पाहिले असेल. पण हा डबा नसता तर केळकर मला कधी कळलेच नसते. सहलीतल्या मुलाप्रमाणे मीही मस्तानीचा महाल बघून बाहेर आलो असतो आणि सारसबागेत भेळ खाल्ली असती. म्हणून थोडे डब्याचे आधी सांगतो.

त्यातला पहिला चाकू माझ्या मामाचा. मामा मराठा पलटणीत होता, तिसऱ्या बटालियनमध्ये. दुसरे महायुद्ध संपल्यावर या बटालियनला छत्रीधारी करण्यात आले. १९४८ साली नौशेरा-झांगरच्या लढाईत ती होती आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिचे नाव दुसरी पॅरा झाले. पुढे ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलला विमानांतून उतरली ती हीच पलटण. तोवर मामा निवृत्त होऊन गावी शेती करीत होता. रेडिओवर ती बातमी ऐकताना तो उठून उभा राहिला होता, एवढे मला आठवते.

त्याचा चाकू इंग्रजी घाटाचा, जाड, काळ्या मुठीचा. एक रुंद पाते, एक डबा उघडायचे हत्यार, आणि पाठीला वीतभर नाही पण बोटभर लांब असा टोकदार सुळा. हा सुळा कशासाठी हे मला कित्येक वर्षे कळत नव्हते. मामा त्याने बैलाच्या दाव्याची घट्ट बसलेली गाठ सोडवायचा. मी समजत होतो की ही त्याची स्वतःची युक्ती. नंतर कळले की सुळा मुळात त्यासाठीच असतो, ओल्या दोराच्या गाठी उकलायला. हा प्रकार जहाजांवरून सैन्यात आला. आई मात्र तो चाकू कधी हातातून हातात घ्यायची नाही. मामाने आधी तो जमिनीवर ठेवायचा, मग तिने उचलायचा. हातात दिला की भावाबहिणीत भांडण होते म्हणे. त्यांचे भांडण पुढे व्हायचे ते झालेच, वडिलार्जित जमिनीवरून. त्यात चाकूचा काही दोष नव्हता.

मामा गेल्यावर तो चाकू माझ्याकडे आला आणि मला नाद लागला. ओझरच्या विमान कारखान्यात माझी नोकरी. रविवारी सायकल काढून देवळालीच्या कॅम्पात जायचे, भद्रकालीच्या बाजूला भंगारवाल्यांकडे बसायचे, बुधवारी गंगेवरच्या बाजारात पोत्यावर मांडलेल्या लोखंडात हात घालायचा. छत्रीधारी सैनिकाच्या चाकूची गंमत अशी की तो मारण्यासाठी केलेलाच नसतो. माणूस झाडात अडकतो, छत्रीच्या दोऱ्यांत एक हात गुरफटतो, आणि उरलेल्या एका हाताने चाकू काढून, उघडून दोऱ्या कापायच्या असतात. सारी अक्कल त्या एका हाताने उघडण्यात आहे. जर्मनांनी १९३७ साली झोलिंगेन गावच्या कारागिरांकडून असा चाकू करून घेतला की मुठीवरची तरफ दाबून तो खाली झुकवला की पाते स्वतःच्या वजनाने सरकून बाहेर येते. अमेरिकनांनी बटण आणि स्प्रिंग वापरली आणि हा चाकू ठेवायला उडीच्या जाकिटाला गळ्याजवळ चेन लावलेला एक खास खिसा शिवला. पुढे १९५८ साली अमेरिकेत बटणाच्या चाकूंवर कायद्याने बंधने आली तेव्हा त्यातून सैन्याला सूट दिली, आणि एक हात नसलेल्या माणसालाही तीन इंचांपर्यंतच्या पात्याची सूट दिली. कायदा करणाऱ्यांना एका हाताची अडचण कळली होती, हे वाचून मला बरे वाटले होते. आपल्याकडे बटणाचा चाकू म्हटले की लोकांना रामपुरी आणि हिंदी सिनेमातला खलनायकच आठवतो.

असो. १९९१ साली एका लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. मुहूर्त संध्याकाळचा होता आणि दुपार मोकळी होती. बायको म्हणाली, केळकर म्युझियम बघू. मला वाटले, तिथे जुनी शस्त्रे आहेत, त्यात एखादा खिशातला चाकू सापडेल. चाकू सापडला नाही. पण एका काचेच्या कपाटासमोर मी जो उभा राहिलो तो बायकोने दंडाला धरून ओढेपर्यंत. कपाटात अडकित्ते होते. पितळी, लोखंडी. मोराचे, पोपटाचे, घोड्यावरच्या स्वाराचे, एकमेकांना बिलगलेल्या स्त्रीपुरुषांचे. आणि माझ्या लक्षात आले की आपण इतकी वर्षे जर्मनी-अमेरिकेच्या चाकूंमागे धावलो, पण खिशात, पिशवीत, चंचीत मावणारे, एका खिळ्यावर फिरणारे, मिटणारे पाते आपल्याकडे घरोघर होते. माझ्या आजोबांच्या चंचीतही एक होता. तो कुठे गेला हे घरात कुणालाच ठाऊक नाही. बहुधा मोडीत.

घरी नाशिकला येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता, की हे सगळे अडकित्ते मोडीत जाऊ नयेत म्हणून दारात उभा राहिलेला हा माणूस कोण. तो एकच वर्षापूर्वी, १९९० साली, गेला होता. मी पुण्यापासून चार-पाच तासांच्या वाटेवर राहत होतो आणि त्याला भेटायला मला उभी हयात मिळाली होती.

दिनकर केळकरांचा जन्म १८९६ चा. म्हणजे पुण्यात प्लेगची साथ आली त्या वर्षाचा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. हा योगायोग लिहिण्याचा मोह कुणालाही होईल, की चष्मे विकणाऱ्याने पुढे लोकांना बघायला शिकवले वगैरे. मी तो मोह टाळतो, कारण त्या काळी चष्म्याचे दुकान म्हणजे रोज उठून गिऱ्हाईक सांभाळायचे, उधारी वसूल करायची आणि संसार चालवायचा, एवढेच होते. तरुणपणी केळकर कवी होते. अज्ञातवासी या नावाने ते लिहीत. विसाव्या शतकाच्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रात कवी होणे ही काही विशेष गोष्ट नव्हती. पुण्यात तर रविकिरण मंडळाचा तो काळ. इतिहासाचे वेड अज्ञातवासींच्या मनात भिनलेले होते, पण त्या काळी तेही घराघरांत होते. अनेक जण त्या वेडात पोवाडे लिहीत होते, बखरी छापत होते, किल्ले चढत होते. केळकर जुन्या वस्तू गोळा करू लागले. हे सुरू झाले १९२० च्या सुमारास.

त्या वेळी महाराष्ट्रात काय चालले होते ते डोळ्यांपुढे आणले तर या माणसाचे काम नीट समजते. पेशवाई बुडून शंभर वर्षे होऊन गेली होती. सरदारांचे वाडे उभे होते, पण आत माणसे उरली नव्हती, किंवा होती ती भाडेकरू होती. वाटण्या होत होत्या. दहा भावांत एक वाडा वाटायचा तर कोरीव खांब कुणाच्या वाट्याला घालणार? तो जळाऊ लाकडात जायचा. समया, पानपुडे, घंगाळी वजनावर जायची. पुढे १९४८ साली गांधीहत्येनंतर गावोगाव वाडे पेटले. त्याच वर्षी कूळकायदा आला आणि ज्यांचा संसार जमिनीच्या उत्पन्नावर चालायचा त्यांची पिढीजात बैठक उठली. कायदा योग्यच होता. कसणाऱ्याला जमीन मिळायलाच हवी होती. पण माळ्यावरचे सामान सांभाळणारे हात त्यानंतर शहरात नोकरीला गेले हेही खरे. आणि मग आले स्टेनलेस स्टील. आमच्या नाशिकच्या भांडीबाजारात मी लहानपणी पाहिले आहे, बायका रिक्षातून पितळी पातेली, तांब्याचे हंडे, आजेसासूच्या रुखवतातले डबे घेऊन यायच्या आणि परत जाताना त्यांच्या हातात चकचकीत स्टीलचा सेट असायचा. घासायला सोपा, कल्हईची कटकट नाही. त्यांना दोष कोण देणार? माझ्या आईनेही तेच केले. दुकानाच्या मागच्या अंगाला मोडीचा ढीग पडायचा आणि त्यात करंडे, दिवे, देवाच्या झाऱ्या सारख्याच भावाने पडलेल्या असायच्या. कारागिरीचे पैसे कुणी धरत नसे. धरायचे ते फक्त वजन.

केळकर त्या ढिगासमोर चाळीस वर्षे उभे राहिले. तेही केवळ पुण्यातल्या ढिगासमोर नव्हे. गुजरात, राजस्थान, दक्षिण असे ते देशभर हिंडले. गुजरातेतले कोरीव दरवाजे, दक्षिणेतले दिवे त्यांच्याकडे आले ते या भटकंतीतून. १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे पंधरा हजार वस्तू जमल्या होत्या. आता हिशेब करा. चाळीस वर्षांत पंधरा हजार म्हणजे वर्षाला पावणेचारशे, म्हणजे रोज एक आणि वर थोडे. सणावाराला, आजारपणात, घरात दुःख असताना, युद्धाच्या काळात रेशनच्या रांगा असताना, रोज एक. मी तीस वर्षांत सदतीस जमवले आहेत. संग्राहक हा शब्द मी स्वतःसाठी त्या दिवसापासून वापरणे सोडले.

पण आकड्यापेक्षा मला नवल वाटते ते निवडीचे. ज्याला इतिहासाचे वेड आहे तो तलवारी जमवतो. केळकरांकडेही शस्त्रे आहेत, कट्यारी आहेत, माशाच्या खवल्यांचे आणि मगरीच्या कातड्याचे चिलखत आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. तलवार जपायला घराणी होती, संस्थानिक होते, सरकार होते. वज्री जपायला कोण होते? वज्री म्हणजे न्हाताना टाचा घासायचे ते पितळी खडबडीत घासणे. हल्लीच्या मुलींना हा शब्दही माहीत नसेल. त्याच्या मुठीवर कुणा तांबटाने हरीण बसवले, कुणी पक्षी बसवला. न्हाणीघराच्या अंधारात, एकट्या बाईच्या हातात राहणारी ही वस्तू, तिच्यावर इतकी मेहनत कुणी आणि कुणासाठी केली असेल? केळकरांनी या प्रश्नाला किंमत दिली. फण्या, कुंकवाचे करंडे, दौती, कुलपे, विळ्या, हुक्के, वाद्ये, सोंगट्या, पानाचे डबे. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत हाताखालून जाणारे सगळे काही त्यांना इतिहासच वाटले. विद्यापीठातल्या मंडळींना हे पटायला बराच काळ लागला. पुढे पुणे विद्यापीठानेच त्यांना मानद डी.लिट. दिली, आणि नावामागचे डॉक्टर हे बिरुद तिथून आले.

या सगळ्याला पैसा कुठून आला? दुकानातून आला, आणि पुरेनासा झाला तेव्हा कमलाबाईंच्या अंगावरून आला. पत्नीचे दागिने विकून केळकरांनी वस्तू घेतल्या, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते. त्या लेखांमध्ये ती अर्ध्या ओळीत येते आणि गौरवाने येते. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण माझा स्वतःचा एक हिशेब त्यात अडकला आहे. १९८६ साली मी एक जर्मन चाकू घेतला, तो पात्याच्या वजनाने उघडणारा. ज्याच्याकडून घेतला त्याने सांगितलेली रक्कम माझ्या पगाराच्या निम्मी होती. मी ती दिली आणि घरी खोटे सांगितले. ते पैसे बायकोने पाटल्या मोडून नव्या करण्यासाठी बाजूला टाकले होते. चार महिन्यांनी तिला कळले. ती ओरडली नाही. पाटल्या तिने पुढे कधीच केल्या नाहीत, आणि तो चाकू मी आजतागायत तिच्यासमोर उघडलेला नाही.

म्हणून कमलाबाईंबद्दल मला अर्धी ओळ पुरत नाही. त्या या कामात नवऱ्याबरोबर होत्या. त्या काळातल्या अनेक पत्नींप्रमाणे नुसत्या सोसणाऱ्या नव्हत्या, त्या वस्तू जमवणाऱ्याही होत्या, असे संग्रहालय आजही अभिमानाने सांगते. स्वयंपाकघरातल्या, न्हाणीघरातल्या, देवघरातल्या त्या सगळ्या वस्तू बघताना मला ते पटते. परक्या पुरुषाला कोण बाई आपल्या वज्रीजवळ जाऊ देईल? आणि तरी सोने ते सोनेच. एका बाईचा दागिना गेला आणि त्याच्या बदल्यात शंभर बायकांच्या करंड्या वाचल्या. हा व्यवहार बरोबर होता की नाही हे ठरवायचा अधिकार फक्त कमलाबाईंचा होता. त्यांनी तो केला. माझ्या घरी तो अधिकार मी विचारलाच नव्हता. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

आता राजाविषयी. केळकर दांपत्याचा हा एकुलता एक मुलगा. सातव्या वर्षी तो गेला. संग्रहालयाला त्याचे नाव आहे आणि पुष्कळ लोकांना ते नाव कुणा राजेमहाराजांचे वाटते. मलाही वाटत होते. कपाटांमध्ये मुकुट शोधत हिंडणारे पर्यटक मी पाहिले आहेत.

मुलाच्या दुःखातून हे संग्रहालय जन्मले, असे लिहिण्याची पद्धत आहे. ऐकायला ते गोड लागते, पण वयाचा हिशेब मांडला तर जमत नाही. १९२० च्या सुमारास केळकर चोवीस वर्षांचे होते. सात वर्षांचा मुलगा गमावलेला बाप ते तेव्हा असणे अवघड आहे. नाद आधीचा होता. दुःख मागून आले आणि त्या नादात येऊन राहिले. मला तरी हे जास्त खरे वाटते, आणि जास्त कठीणही. मूल गेल्यावर माणसाच्या हातातले काम गळून पडते. आमच्या आळीत एक गृहस्थ होते, मुलगा गोदावरीच्या पुरात गेल्यावर त्यांनी पुन्हा कधी तबल्याला हात लावला नाही. केळकरांच्या हातातले काम गळले नाही. घरात खेळणी असलेल्या बापाने दुसऱ्यांच्या मुलांची जुनी खेळणी, लाकडी बाहुल्या, सोंगट्या बाजारातून उचलून आणायच्या, पुसायच्या आणि मांडायच्या. हे त्यांनी कसे केले असेल याची मी कल्पना करून पाहतो आणि मला ती करता येत नाही.

१९६२ साली संग्रहालय रीतसर उभे राहिले, ते त्यांच्या बाजीराव रस्त्यावरच्या राहत्या जागी. म्हणजे घरच संग्रहालय झाले. संग्राहकांच्या घरात हळूहळू काय होते ते मला छोट्या प्रमाणात माहीत आहे. आधी एक कोनाडा जातो, मग कपाट, मग कॉटच्या खालची जागा. केळकरांच्या घरात माणसांना उरलेली जागा किती असेल कोण जाणे. कोथरूडला मस्तानीसाठी बाजीरावाने बांधलेल्या महालाचे अवशेष पडून होते, तेही त्यांनी आणले आणि इथे पुन्हा उभे केले. जिला जिवंतपणी पुण्याने सुखाने राहू दिले नाही, तिच्या दालनाला एका चष्मेवाल्याच्या घरात जागा मिळाली. तिथे उभे असताना माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांनी खांबाला हात लावून नमस्कार केला. पहारेकरी त्यांना हात लावू नका असे म्हणाला नाही.

मग १९७५ साल. केळकर तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे. त्यांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे सोपवला. त्याआधी तीन वर्षे, १९७२ मध्ये, पुराणवस्तूंचा नवा कायदा झाला होता. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची नोंदणी, परदेशी नेण्यावर बंदी वगैरे. कायदा झाला म्हणजेच वस्तूंना भाव आला होता. मुंबईच्या हॉटेलांमध्ये पितळी समया कोपऱ्यात शोभेला उभ्या राहू लागल्या होत्या, परदेशी मंडळी हंड्यांत रोपे लावायला नेत होती. ज्या वस्तू केळकरांनी मोडीच्या भावाने उचलल्या त्यांना आता बाजारात कारागिरीचे पैसे मिळू लागले होते. ऐन तेव्हा, विकले असते तर सात पिढ्या बसून खातील असा संग्रह त्यांनी देऊन टाकला.

देणे ही गोष्ट जमवण्यापेक्षा अवघड, असे जमवणाऱ्याला विचाराल तर तो सांगेल. जमवताना प्रत्येक वस्तू एकेकटी येते, तिची एक दुपार असते, एक घासाघीस असते, मिळाल्यावरची रात्र असते. देताना सगळे एकदम जाते. यादी होते, क्रमांक पडतो, शिक्का बसतो, आणि कालपर्यंत जी आपली दौत होती ती अमुक क्रमांकाची दौत होते. पुढची पंधरा वर्षे केळकर हयात होते. आपल्याच घरात, आता सरकारच्या झालेल्या वस्तूंमध्ये त्यांनी म्हातारपण काढले. आज संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडायला जागा आहे सुमारे अडीच हजारांना. बाकीच्या आत आहेत. म्हणजे आपण पाहतो तो आठवा भाग. अडकित्त्यांचे ते कपाट हीदेखील निवडलेली शितेच असणार.

त्या भेटीनंतर मी माझ्या डब्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. सदतीस चाकू, आणि एकाचीही नोंद नाही. कुठला कुठून आणला हे फक्त माझ्या डोक्यात. मी गेलो की ते सदतीस लोखंडाचे तुकडे होणार आणि त्यांना वजनाचा भाव येणार. सत्तरी ओलांडल्यावर मी एक वही घातली. प्रत्येक चाकूला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. देश, साल कळत असेल तर साल, कुणाकडून मिळाला, कुठल्या बाजारात. देवळालीच्या एका निवृत्त सुभेदाराने मला एक चाकू फुकट दिला होता, एका अटीवर, की मी तो विकायचा नाही. ती अटही वहीत लिहिली. जर्मन चाकूच्या चिठ्ठीवर मी त्याची खरी किंमत लिहिली आणि ते पैसे कशाचे होते तेही लिहिले. वही बायकोच्या हाताला लागेल अशा जागी असते. तिने वाचली असावी. माझ्याशी ती त्याबद्दल काही बोललेली नाही, पण मध्यंतरी एकदा तिने डब्याखाली जुन्या साडीचा तुकडा घडी करून ठेवला, पत्र्याला गंज धरू नये म्हणून.

आता प्रश्न आहे पुढचा. मुलगी कॅनडात आहे. तिला बाकीच्या चाकूंत रस नाही, फक्त मामाआजोबांचा हवा आहे. मागच्या डिसेंबरात आली तेव्हा घेऊन जाणार होती. मग लक्षात आले की विमानात हातातल्या पिशवीतून चाकू नेता येत नाही. विमानातून उडी मारणाऱ्या माणसासाठी केलेल्या चाकूला विमानात मज्जाव, यावर आम्ही दोघे बराच वेळ हसलो. मोठ्या बॅगेत ठेवता आला असता. पण निघायच्या घाईत ती तो विसरली, किंवा मीच आठवण केली नाही. नक्की काय झाले ते मलाही सांगता येणार नाही.

उरलेल्या छत्तिसांसाठी मी एका संस्थेला पत्र लिहिले आहे. नाव इथे सांगत नाही, कारण उत्तर अजून यायचे आहे आणि नाही आले तर उगाच त्यांना ओशाळे व्हावे लागेल. पत्रात मी किंमत मागितलेली नाही. एकच विनंती केली आहे, की चिठ्ठ्या सोडू नयेत.

मामाचा चाकू तोवर डब्याबाहेर आहे. आठवडाभरापूर्वी नारळाची शेंडी निघेना म्हणून बायकोने तो मागितला. मी ओट्यावर ठेवला, तिने उचलला. सुळ्याने शेंडी मोकळी केली, धुतला, पुसला आणि परत ओट्यावर ठेवला.